किनमन आणि श्यामेन: एकाच खाडीच्या दोन काठांवर चीनची फाळणी

चीन आणि तैवानची तुलना करायला बसलं की लोक लगेच दोन आकडे समोर ठेवतात, इकडचं दरडोई उत्पन्न आणि तिकडचं, आणि मग एक जण म्हणतो बघा लोकशाही जिंकली, दुसरा म्हणतो बघा कडक शिस्तच जिंकली. मला ही तुलना पटत नाही कारण दोघांची सुरुवातच वेगळी होती. तैवान १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं जपानच्या ताब्यात होतं, तिथे रेल्वे होती, कालवे होते, साखर कारखाने होते, प्राथमिक शाळा बऱ्यापैकी खेड्यांपर्यंत पोचल्या होत्या. मेनलँडवर (म्हणजे चीनच्या मुख्य भूमीवर) त्याच काळात राजेशाही कोसळली, लष्करी सरदार आपापसात लढले, जपानने आठ वर्षं युद्ध लादलं आणि ते संपतंय तोवर यादवी पेटली. वर एकीकडे आजची वस्ती २ कोटी ३० लाखांच्या थोडी वर आणि दुसरीकडे १४० कोटी. यातून राज्यपद्धतीमुळे किती फरक पडला आणि आधीच्या पुंजीमुळे किती पडला हे वेगळं काढायचं कसं?

म्हणून मी किनमन आणि श्यामेन ही जोडी घेतो. श्यामेन म्हणजे जुन्या पुस्तकांतलं अमोय, फूज्येन प्रांताचं बंदर. त्याच्या समोर किनमन बेट, जवळपास १५० चौरस किलोमीटरचं, शहरापासून साधारण १० किलोमीटर. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने घारापुरीला जातो ना, तेवढंच अंतर. तैवानचं मुख्य बेट मात्र किनमनपासून १८० किलोमीटरच्याही पलीकडे. पण १९४९ मध्ये यादवी हरलेलं कुओमिन्तांग (राष्ट्रवादी) पक्षाचं सरकार तैवानला तैपेईत गेलं, आणि तेव्हापासून किनमन तैपेईच्या सरकारकडे आहे आणि श्यामेन बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारकडे. दोन्हीकडे तीच मिन्नान बोली, तेच देव, तीच आडनावं. आणि मुख्य मुद्दा, किनमन जपानच्या तैवान वसाहतीत कधीच नव्हतं, ते कायम फूज्येनचाच भाग होतं (१९३७ ते ४५ जपानी सैन्य होतं तिथे, पण ते युद्धातलं आक्रमण, आणि श्यामेनलाही १९३८ पासून तेच भोगावं लागलं). म्हणजे सुरुवातीची रेघ इथे खरोखरच एक होती.

आधी या भागाचं पोट कशावर चालायचं ते बघा. जमीन रेताड, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे माणसं जहाजात बसून सिंगापूर, मलाया, इंडोनेशियाला जायची आणि तिथून पैसे पाठवायची. किनमनच्या गावांत आजही परदेशी थाटाची दुमजली घरं दिसतात ती त्याच पैशांची. श्यामेन विद्यापीठ १९२१ मध्ये उभं राहिलं तेही सिंगापूरला रबराच्या धंद्यात पैसा कमावलेल्या तान काह की यांच्या देणगीतून, आणि त्यांचं गाव जिमेई तिथेच बाजूला. थोडक्यात काय, समुद्र हा या लोकांचा रस्ता होता आणि किनमनचा माणूस बाजारहाटाला, शिकायला, जहाज पकडायला श्यामेनलाच यायचा.

तो रस्ता बंद झाला ऑक्टोबर १९४९ मध्ये. १७ तारखेला कम्युनिस्ट सैन्याने श्यामेन घेतलं, आणि आठवड्याभरात, २५ तारखेच्या पहाटे, साधारण नऊ हजार सैनिक मासेमारीच्या लाकडी होड्यांतून किनमनच्या उत्तर किनाऱ्यावर कुनिंगतौला उतरले. ओहोटी लागली आणि होड्या वाळूत रुतल्या, बेटावरच्या कुओमिन्तांगच्या सैन्याने त्या जाळल्या, त्यामुळे दुसरी तुकडी आणायला होडीच उरली नाही. तीन दिवसांत उतरलेले जवळपास सगळे मारले गेले किंवा पकडले गेले. चीनची फाळणी नेमकी या खाडीतून का जाते याचं निम्मं उत्तर त्या ओहोटीत आहे. कोणी नकाशावर रेघ ओढली नव्हती, कमिशन नव्हतं, करार नव्हता, आणि शांतता करार तर आजपर्यंत झालेला नाही. आपल्या फाळणीची सवय असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण इथे लढाई जिथे थकली तिथेच सीमा राहिली. समोरचं दादेंग बेट बघा, तोवर किनमन तालुक्याचाच भाग होतं, ते कम्युनिस्टांच्या हातात पडलं आणि तिकडचंच झालं.

पुढची तीस वर्षं दोन्ही काठांची जी अवस्था झाली त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला वाटतं खरी शिकवण तिथेच आहे. आपण समजतो की एकीकडे कम्युनिझम होता म्हणून गरिबी आणि दुसरीकडे भांडवलशाही होती म्हणून भरभराट. किनमनला भरभराट नव्हती. ३ सप्टेंबर १९५४ ला पहिला मोठा तोफमारा झाला. मग २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत या छोट्याशा बेटावर ४ लाख ७० हजारांहून जास्त गोळे पडले. अमेरिकेच्या सातव्या आरमाराने रसद पोचवायला मदत केली म्हणून बेट टिकलं, आणि १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन टीव्हीवरच्या डिबेटमध्ये या बेटांवरून भांडले, इतकं ते जगभर गाजलं. त्यानंतर दिवस वाटून घेतल्यासारखा प्रकार चालू झाला, चीनकडून विषम तारखेला तोफा, सम तारखेला शांतता, आणि गोळ्यांमध्ये बऱ्याचदा दारूगोळ्याऐवजी प्रचाराची पत्रकं भरलेली. हे १ जानेवारी १९७९ पर्यंत चाललं. वीस वर्षं! पत्रकांचा गोळा असला तरी लोखंडी कवच छपरावर पडलं की माणूस मरायचाच.

बेटाच्या आत काय चाललं होतं ते तर त्याहून महत्त्वाचं. १९५६ पासून किनमनवर सरळ लष्करी प्रशासन, कलेक्टर लष्कराने नेमलेला, प्रत्येक गाव म्हणजे एक ठाणं, गावातले बाप्ये आणि तरुण बाया सगळे मिलिशियात, तेही बिनपगारी. जेमतेम साठ हजार वस्तीच्या बेटावर एका टप्प्याला एक लाखाच्या आसपास सैनिक. संध्याकाळी दिवे झाकायचे, रात्री संचारबंदी. तैवानला जायचं तरी परवाना. नोटासुद्धा वेगळ्या, त्यावर फक्त किनमनमध्ये चालतील असं छापलेलं, म्हणजे पैसा बाहेर जाऊ नये. रेडिओवर बंदी. बास्केटबॉल, गाडीच्या टायरची ट्यूब, जे जे पाण्यावर तरंगतं त्यावर कंट्रोल, का तर त्याला धरून कोणी पोहत पलीकडे जाईल. उंदरांचा उपद्रव वाढला तर घरटी उंदरांच्या शेपट्या जमा करायचा हुकूम! हे सगळं 'मुक्त चीन' या पाटीखाली. पलीकडच्या श्यामेनमध्ये जे कम्यूनच्या (सरकारी सामुदायिक शेतीच्या) नावाखाली होत होतं त्याच्याशी याचं साम्य बघून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं, कारण माणसाच्या दिवसाचा प्रत्येक तास सरकारच्या ताब्यात ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती, फक्त झेंडे वेगळे.

आणि हे योगायोगाने झालं नाही. कुओमिन्तांग आणि कम्युनिस्ट पक्ष हे एका अर्थाने चुलतभाऊ. १९२४ मध्ये सोव्हिएत सल्लागार बोरोदिनने कुओमिन्तांगची बांधणी लेनिनच्या पक्षासारखीच करून दिली होती, वरपासून खालपर्यंत शाखा, सैन्यात राजकीय अधिकारी, पक्ष म्हणजेच राज्य. पक्षाचा नेता च्यांग कै-शेक, त्याचा मुलगा आणि पुढे तैवानचा राष्ट्राध्यक्ष झालेला च्यांग चिंग-कुओ मॉस्कोत शिकलेला. तैवानवर १९४७ च्या २८ फेब्रुवारीला सुरू झालेल्या उठावात या पक्षाच्या सैन्याने हजारो माणसं मारली (१८ ते २८ हजार असा अंदाज दिला जातो), मे १९४९ मध्ये मार्शल लॉ लावला तो ३८ वर्षांनी काढला. म्हणजे १९५० मध्ये कोणी तटस्थ माणसाने दोन्ही राजवटी बघितल्या असत्या तर त्याला राजकारणात फार फरक दिसला नसता. हे आधी कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचा बदल समजतच नाही.

फरक पडायला लागला तो जमिनीपासून. मेनलँड हरण्याची कुओमिन्तांगची दोन मोठी कारणं, बेफाम महागाई आणि शेतकऱ्यांचा तुटलेला विश्वास. तैवानला पोचल्यावर त्यांनी दोन्हीवर घाव घातला. जून १९४९ मध्ये ४०,००० जुन्या डॉलरला १ नवा असं चलन बदललं. मग कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला, १९५१ ला सरकारी जमीन विकली, १९५३ ला कसेल त्याची जमीन. जमीनदाराला वार्षिक पिकाच्या अडीचपट मोबदला, त्यात ७० टक्के भात-रताळ्याच्या भावाशी बांधलेले रोखे आणि ३० टक्के सिमेंट, कागद वगैरे चार सरकारी कंपन्यांचे शेअर. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कुओमिन्तांगला हे जमलं कारण तैवानचे जमीनदार त्यांचे कोणी लागत नव्हते. मेनलँडवर जमीनदार त्यांच्याच पक्षात बसले होते, म्हणून तिथे वीस वर्षं नुसती भाषणं झाली.

मेनलँडवरही जून १९५० मध्ये जमीन सुधारणेचा कायदा आला आणि तिथेही कुळांना जमीन मिळाली, जमीनदारांना मात्र मोबदला नाही, जाहीर सभा आणि लाखोंचे जीव. पण तरी शेतकऱ्याच्या हातात सातबारा आला असं म्हणू. तो टिकला किती दिवस? १९५६ पर्यंत बहुतेक जमीन सहकारी शेतीत गेली, १९५८ ला कम्यून आले, त्याच वर्षी शहर आणि खेडं अशी नोंदणी करून माणसाला गावाशी बांधून टाकलं. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत माणसं मेली असे अंदाज आहेत, आणि हा आकडा वाचून नुसतं पुढे जाणं मला कधी जमत नाही, कारण धान्य गोदामांत होतं आणि खोटे आकडे वर पाठवणाऱ्यांना अडवायला ना वर्तमानपत्र होतं, ना विरोधी पक्ष. तैवानमध्ये त्याच वर्षांत शेतकऱ्याने जास्त पिकवलं, सरकारने खताच्या बदल्यात भात घेऊन त्यातला वाटा काढला (तोही फार प्रेमाने नाही), १९५१ ते ६५ मध्ये दीड अब्ज डॉलरच्या आसपास अमेरिकन मदत आली आणि १९६० नंतर धोरण एक्सपोर्टकडे वळलं. १९६६ ला काओश्युंगला निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडलं. १९७८ ला चीनचं दरडोई उत्पन्न दीडशे डॉलरच्या आसपास होतं आणि तैवानचं दीड हजाराच्या वर.

किनमन मात्र या भरभराटीच्या बाहेरच राहिलं. तिथे एक्सपोर्टचा कारखाना कोण घालणार, तोफांच्या माऱ्यात? तिथली अर्थव्यवस्था म्हणजे सैनिकांना न्हाणावळ, खानावळ, धुलाई, दुकान. एक उद्योग मात्र जिवंत झाला, तो कसा ते बघण्यासारखं आहे. १९५२ मध्ये तिथले सेनापती हू लिएन यांनी दारूचा कारखाना काढला. सैन्याला बाहेरची दारू आणायला पैसे लागत होते, आणि बेटावर भात पिकत नाही, काओलियांग म्हणजे आपल्या ज्वारीच्या जातीचं धान्य पिकतं पण ते खायला लोक नाखूश. त्यांनी जाहीर केलं, एक किलो ज्वारी आणा आणि एक किलो तांदूळ घेऊन जा (त्यांच्या मापात कॅटी). शेतकऱ्यांनी शेतं भरून ज्वारी पेरली, लोकांना तांदूळ मिळाला, कारखान्याला कच्चा माल मिळाला, उभी ज्वारी आडोसा म्हणून सैन्याच्याही कामाला आली आणि चुलीला धाटं मिळाली. पुढे कारखाना तालुक्याच्या मालकीचा झाला आणि चांगल्या वर्षांत त्याची विक्री एक हजार कोटी तैवानी डॉलरच्या वर जाते, त्यातून म्हाताऱ्यांचे भत्ते, शाळकरी पोरांचं जेवण, सणाला घरटी स्वस्तातल्या बाटल्या. दुसरा धंदा गोळ्यांच्या पोलादाचा, पडलेल्या कवचांपासून भाजी कापायच्या सुऱ्या, एका गोळ्यातून साठेक सुऱ्या निघतात म्हणे. तो आजही चालतो.

श्यामेनचीही तीस वर्षं अशीच वाया गेली. समोर शत्रू, त्यामुळे बीजिंग तिथे मोठा कारखाना घालायला तयार नाही. १९५० च्या दशकात बेटाला जोडणारा बांध आणि रेल्वे झाली ती मुख्यतः लष्करासाठी. परदेशातून येणारा पैसा आटला. बंदर असून बंदराचा धंदा नाही. म्हणजे दोन वेगळ्या राज्यपद्धती, पण सीमेवर असल्याची किंमत दोघांनीही मोजली.

मग १९७९ उजाडलं आणि त्या एका वर्षात या खाडीत तीन गोष्टी घडल्या. १ जानेवारीला तोफा थांबल्या. १६ मे च्या रात्री किनमनवरचा एक तरुण कंपनी कमांडर समुद्रात उतरून पोहत मेनलँडला गेला. त्याचं तिकडचं नाव लिन यिफू, तो बीजिंग विद्यापीठात शिकला, शिकागोहून पीएचडी घेतली आणि २००८ ते २०१२ जागतिक बँकेचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला, तैवानच्या लष्कराच्या लेखी तो आजही फरार. आणि जुलैमध्ये केंद्राने क्वांगतुंग आणि फूज्येन या दोन प्रांतांना वेगळं धोरण राबवायची मोकळीक दिली, त्यातून श्यामेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं. लिन यांचा पुढचा सगळा सिद्धांत काय सांगतो, तर माओच्या चीनने भांडवल नसताना अवजड उद्योग रेटले म्हणून अडकला, तैवानने हाती असलेल्या मजुरांचा वापर करून हलके उद्योग काढले म्हणून चढला. मला यातलं बरंचसं मान्य आहे. पण तो माणूस ज्या बेटावरून पोहत गेला त्या बेटाला यातलं काहीच लागू पडत नव्हतं, हे त्या सिद्धांतात येत नाही. सरकार आधी ठरवतं की अमुक किनारा युद्धासाठी आहे की व्यापारासाठी, उद्योगाचा प्रश्न त्यानंतरचा.

श्यामेनच्या बाबतीत ते ठरलं. ऑक्टोबर १९८० मध्ये हूलीला फक्त अडीच चौरस किलोमीटर जागा मंजूर झाली. निवड करण्याचं कारणच मुळी समोर तैवान आणि समुद्रापार पसरलेले मिन्नान लोक, म्हणजे ज्या कारणाने तीस वर्षं शहर उपाशी राहिलं तेच आता भांडवल झालं. १९८३ ला कुवेतच्या कर्जातून विमानतळ उभा राहिला. फेब्रुवारी १९८४ ला चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग येऊन गेले आणि क्षेत्र वाढवून अख्खं बेट, १३१ चौरस किलोमीटर केलं. १९८५ ला शी जिनपिंग नावाचा बत्तीस वर्षांचा उपमहापौर तिथे आला. १९८७ ला तैवानने आपल्या लोकांना मेनलँडवरच्या नातेवाइकांना भेटायला परवानगी दिली आणि भेटायला आलेले परत जाताना कारखान्याची जागा बघून गेले. १९८९ मध्ये हायत्सांगला खास तैवानी गुंतवणुकीचं क्षेत्र झालं. चपला, छत्र्या, प्लास्टिक, नंतर इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे श्यामेनच्या वर येण्यात तैवानचा पैसा आणि तैवानचा कारखाना चालवायचा अनुभव मोठा आहे, आणि तैवानच्या कंपन्या जगात टिकल्या त्यात मेनलँडच्या मजुरांचा घाम आहे, २०२० ला तैवानची ४० टक्क्यांहून जास्त निर्यात चीन आणि हाँगकाँगला जात होती. दोन बंद बाटल्यांतले दोन प्रयोग असं समजून जो तुलना करेल तो फसेल.

आकड्यांत बघायचं तर १९९० ला तैवानची अर्थव्यवस्था अख्ख्या चीनच्या चाळीस टक्क्यांहून मोठी होती, आज ती चार टक्क्यांच्या आसपास. दरडोई उत्पन्नातली १९७८ ची दसपट दरी अडीचपटीच्या आसपास आली. श्यामेनची वस्ती २०२० च्या जनगणनेत ५१ लाखांच्या वर, दरडोई उत्पादन २० हजार डॉलरच्या पुढे. रात्री किनमनच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर उजेडाची भिंत दिसते आणि अलीकडे अंधार. मागे उलटं वाटायचं, लाउडस्पीकरच्या भिंतीवरून (४८ भोंगे होते, २५ किलोमीटरपर्यंत आवाज जायचा) तैवानची गायिका तेरेसा तेंग पलीकडच्या लोकांना इकडे या, इकडे सुख आहे असं सांगायची.

किनमनवरचं लष्करी राज्य उठलं ७ नोव्हेंबर १९९२ ला. नीट लक्षात घ्या, तैवानवर मार्शल लॉ १५ जुलै १९८७ ला गेला होता. तैपेईत विरोधी पक्ष निघाला (सप्टेंबर १९८६, आणि च्यांग चिंग-कुओने त्यांना पकडलं नाही हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय), मोर्चे निघाले, मार्च १९९० ला विद्यार्थी चौकात बसले, १९४७-४८ ला मेनलँडवर निवडून आलेले म्हातारे खासदार १९९१ च्या शेवटी घरी गेले. पण ज्या सीमेचं नाव पुढे करून सगळ्या देशावर आणीबाणी ठेवली होती त्या सीमेवरच्या माणसाला मोकळीक मिळाली पाच वर्षं उशिरा, आणि तीसुद्धा किनमनच्या लोकांनी तैपेईला जाऊन आंदोलन केल्यावर. १९९३ ला त्यांनी पहिल्यांदा आपला तालुकाप्रमुख निवडला. सैन्य कमी होत होत काही हजारांवर आलं, त्याबरोबर दुकानं बसली, आणि पर्यटनाकडे वळावं लागलं. सुरुंग काढायला २०१३ उजाडलं.

कुओमिन्तांगने दार का उघडलं यावर खूप चर्चा होते, मध्यमवर्ग वाढला, १९७१ ला संयुक्त राष्ट्रांतली जागा गेली, १९७९ ला अमेरिकेने तैपेईची मान्यता काढून बीजिंगला दिली, डिसेंबर १९७९ च्या काओश्युंग मोर्च्यानंतरच्या अटकांनी बदनामी झाली. सगळं खरं. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण साधं आहे, १९५० पासून तैवानमध्ये स्थानिक पातळीच्या निवडणुका होत होत्या. पैसे वाटायचे, गट पाडायचे, सगळे चाळे व्हायचे, पण चाळीस वर्षं लोकांना मत टाकायची, मोजणीला उभं राहायची आणि हरलेल्याने खुर्ची सोडायची सवय लागली होती. मेनलँडवर शहरपातळीला ती सवय लागूच दिली नाही, आणि ४ जून १९८९ ला बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सैन्याने चिरडल्यावर तर विषयच बंद झाला.

हे कागदावरचं वाटत असेल तर दोन घटना शेजारी ठेवतो. २००७ ला श्यामेनच्या हायत्सांगमध्ये पॅराझायलीन हे रसायन बनवणारा प्रचंड कारखाना येणार होता, वर्षाला ८ लाख टन, गुंतवणूकदार मूळ तैवानचा. श्यामेन विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका चाओ युफेन यांनी मार्चमध्ये शंभरावर सदस्यांच्या सह्या घेऊन तो हलवायची मागणी राष्ट्रीय सल्लागार परिषदेत केली. काही झालं नाही. मग मोबाइलवर एसएमएस फिरले आणि १ जूनला हजारो लोक रस्त्यावर आले, मोर्चा नव्हे, परवानगी नव्हतीच, नुसतं 'फिरायला' आले. सरकार नमलं, डिसेंबरला जनसुनावणी घेतली, त्यात बहुसंख्य लोक विरोधात बोलले, आणि कारखाना गेला. गेला कुठे, तर शेजारच्या चांगचौ जिल्ह्यात गुलेई नावाच्या मासेमारांच्या द्वीपकल्पावर. तिथे २०१३ ला स्फोट झाला आणि एप्रिल २०१५ ला पुन्हा मोठा झाला. श्यामेनच्या लोकांचं धाडस खरंच मोठं, ते मी जराही कमी लेखत नाही, पण तो नकार नोंदवायला कायमची जागा नव्हती, एकदा सरकार घाबरलं इतकंच. पुढच्या गावाला तो नकार वापरता आला नाही.

दुसरी घटना २८ ऑक्टोबर २०१७, किनमन. कसिनो काढायचा की नाही यावर सार्वमत. पडत्या धंद्याला पैसा येईल म्हणून काही जण बाजूने. मतदान फार झालं नाही, पाव भागाच्या आसपास, पण टाकलेल्यांपैकी ९० टक्क्यांनी नाही म्हटलं, आणि विषय संपला. कोणाला फिरायला जायचं सोंग करावं लागलं नाही. रस्त्यावर कोणी घाबरलं नाही. इथे पैसेवाला काठ श्यामेनचा आहे आणि तरीही 'नाही' म्हणायची सोपी सोय गरीब काठाकडे आहे.

भ्रष्टाचारातही हेच दिसतं. १९९० च्या दशकात श्यामेनच्या बंदरातून ५३ अब्ज युआनचा माल चोरून आला, कस्टम्सपासून थेट सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या उपमंत्र्यापर्यंत माणसं विकत घेतलेली. ते फुटलं १९९९ ला, बीजिंगहून पथक आलं तेव्हा. २००० मध्ये चौदा जणांना मृत्युदंड ठोठावला. तैवानमध्येही पैसा आणि गुंडांचं राजकारण भरपूर होतं, माजी राष्ट्राध्यक्ष चेन श्वेई-ब्यान २००८ च्या शेवटी तुरुंगात गेले, पण ते फिर्यादी वकिलांनी आणि कोर्टाने पाठवले, त्यांचाच पक्ष सत्तेत असताना त्यांच्या बायकोवर खटला सुरू झाला होता.

तर आज किनमन कुठे आहे? २ जानेवारी २००१ ला श्यामेनची बोट पुन्हा सुरू झाली. बेटाचे बंधारे उन्हाळ्यात कोरडे पडायचे, म्हणून ५ ऑगस्ट २०१८ पासून फूज्येनचं पाणी समुद्राखालच्या पाइपने येतं. नोंदणी १ लाख ४० हजारांच्या आसपास आहे पण दारू कारखान्याच्या भत्त्यांसाठी नाव लावून तैवानला राहणारे बरेच. निवडणुकीत मत बहुतेक कुओमिन्तांगच्या बाजूला, म्हणजे ज्या पक्षाने त्यांना छत्तीस वर्षं बंदुकीखाली ठेवलं त्यालाच. कारण त्यांचं भांडण बीजिंगशी जेवढं, तेवढंच युद्धाशी आहे, आणि जो पक्ष युद्धाची शक्यता कमी करेल असं वाटतं तो त्यांचा. बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही.

सप्टेंबर २०२३ ला बीजिंगने श्यामेन आणि किनमनने एकाच शहरासारखं राहावं अशी योजना काढली, वीज, गॅस, पूल. त्याच वर्षी किनमनच्या काही नगरसेवकांनी बेट लष्करमुक्त करा, पूल बांधा, सार्वमत घ्या असं मागितलं. तैपेई म्हणते पूल म्हणजे फौजेला रस्ता. फेब्रुवारी २०२४ ला पाठलागात एक चिनी होडी उलटून दोन मच्छीमार बुडाले आणि तेव्हापासून चिनी तटरक्षक दलाच्या बोटी किनमनच्या पाण्यात नेमाने येतात. दादेंगवर श्यामेनचा नवा विमानतळ, जिथून किनमनची घरं मोजता येतील.

मला स्वतःला पुलाची भीती वाटते आणि पूल अडवणाऱ्यांचाही राग येतो. पाणी घेतलं तेव्हा किनमनने स्वातंत्र्य विकलं नाही, हे इतक्या वर्षांत दिसलंय. पण पाण्याचा नळ बंद केला तर दुसरी सोय करता येते, पुलावरून आलेली फौज परत जात नाही. हा हिशोब तैपेईतल्या मंत्र्यापेक्षा किनमनच्या मतदाराला जास्त नीट कळतो असं माझं मत, कारण गोळे त्याच्या छपरावर पडले होते. सार्वमताची मागणी तैपेईने मोकळेपणाने घ्यावी, सुरक्षेच्या अटी आधी जाहीर कराव्यात आणि मग बेटावर मत टाकू द्यावं. पुलाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या पन्नास लाख लोकांना मात्र या पुलाबद्दल कोणीही विचारणार नाहीये.